कोसंबींचे सूत्र

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) पुण्याहून मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत जात ते दख्खनच्या राणीने; कल्याण, डोंबिवली, ठाणे ही त्यांच्या नित्याच्या वाटेवरची. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना, १९४४ साली, त्यांनी आनुवंशिकीस दिलेले सूत्र आम्हांस अधिक नवलाचे वाटते. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर फेरजुळणीच्या प्रमाणावरून काढतात. पण एक अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी सहसा होत नाही. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो हिशेबात घेतला. गणित घेतले की जीवशास्त्र सोडावे, ही आपल्याकडील रीत त्यांनी मानलीच नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालविली नाही. पिकांचे जनुकीय नकाशे आखताना त्यांचे सूत्र आजही वापरले जाते.