कारंजा ते श्रीशैल : श्रीनृसिंह सरस्वतींची वाटचाल

श्रीनृसिंह सरस्वती म्हटले की आपल्या कलबुर्गी-बिदर भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम गाणगापूर येते. भीमा-अमरजेचा संगम, निर्गुण पादुका, दुपारची माधुकरी. स्वामी जणू इथलेच, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते गाणगापुरी आले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती आणि मागे उभ्या भारताची पायी वाट होती. आज दूरच्या प्रवासाला निघायचे तर आपण आधी वेळापत्रक पाहतो, कुठे उतरायचे, किती दिवस राहायचे ते ठरवतो. त्या काळी यातले काहीच हाताशी नव्हते. तरीही स्वामींच्या चरित्रात दोन भेटी अशा आहेत, ज्यांचा काळ अनेक वर्षे आधी सांगितला गेला आणि अचूक पाळला गेला.

आईला दिलेला शब्द

वऱ्हाडातील कारंजा (आजचा वाशीम जिल्हा) हे त्यांचे जन्मगाव. परंपरेने जन्मवर्ष शके १३००, म्हणजे इ.स. १३७८ मानतात. वडील माधव, आई अंबा भवानी, मुलाचे नाव नरहरी. गुरुचरित्र सांगते की मूल जन्मताच ॐकार उच्चारले आणि पुढे मुंजीपर्यंत दुसरा शब्द बोलले नाही. मुंजीत आईने भिक्षा घातली तेव्हा त्याच मुखातून वेद बाहेर पडले. पाठोपाठ बटूने काशीला जाण्याची आज्ञा मागितली.

आईचा जीव कासावीस झाला. एवढ्या वर्षांनी बोलू लागलेला मुलगा, आणि तो निघून जातो म्हणतो! तिचा शोक पाहून नरहरी थांबला. तिला जुळे मुलगे झाले, ते तीन महिन्यांचे झाले, मगच त्याने घर सोडले. निघताना त्याने तीस वर्षांनी परत येऊन भेटण्याचे वचन दिले.

काशीत वृद्ध कृष्ण सरस्वतींकडून त्यांनी संन्यास घेतला आणि नरहरीचे नृसिंह सरस्वती झाले. तिथून बदरीकेदार, गंगासागर, प्रयाग अशी यात्रा झाली. प्रयागला माधव नावाच्या ब्राह्मणाने त्यांच्याकडून संन्यास घेतला. शिष्य वाढत गेले. बाळ, कृष्ण, उपेंद्र, माधव, सदानंद, ज्ञानज्योती आणि सिद्ध हे सात मुख्य.

हा काळ शांततेचा नव्हता. १३९८ मध्ये तैमूरने दिल्ली लुटली आणि उत्तरेतली एकछत्री सत्ता विस्कटली. दक्षिणेत गुलबर्ग्याच्या बहमनींचे विजयनगरशी वैर चालू होते. १३९६ पासून दुर्गादेवीच्या दुष्काळाने दख्खनची गावेच्या गावे ओस पाडली. एका राज्याची हद्द ओलांडून दुसऱ्यात जायचे, नवी भाषा, नवे अंमलदार; वाटेत आसरा म्हणजे देऊळ, नदीकाठ आणि भिक्षा घालणारे घर. अशा वाटेने तीस वर्षांनंतर स्वामी कारंजाला परतले. आईवडील हयात होते, धाकटी भावंडे मोठी झाली होती. दिलेला शब्द पुरा झाला.

शिष्यांसाठी आखलेली यात्रा

कारंजाहून स्वामी त्र्यंबकेश्वरी आले आणि गोदावरीच्या काठाने खाली उतरत वासर ब्रह्मेश्वरास, म्हणजे आजच्या तेलंगणातील बासरला पोहोचले. पोटशूळ असह्य होऊन नदीत जीव द्यायला निघालेल्या ब्राह्मणाला त्यांनी इथेच वाचवले. इथेच त्यांना सायंदेव भेटला. तो आपल्या आळंद तालुक्यातल्या कडगंचीचा, यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत असलेला. धन्याने जीव घेण्यासाठीच बोलावले आहे अशी त्याची खात्री होती. स्वामींनी त्याला निर्भयपणे जायला सांगितले आणि तो मानाची वस्त्रे घेऊन परतला. हे सायंदेवाचे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याच्याच वंशाने आपल्याला गुरुचरित्र दिले.

तेथून स्वामी परळी वैजनाथला आले. आता लोकांची रीघ लागली होती. कामना घेऊन येणाऱ्यांत खरा साधक कोण आणि नुसता हौशी कोण, हे कळेना. स्वामींनी एकांतात राहायचे ठरवले आणि शिष्यांना तीर्थयात्रेला धाडले. गुरुचरित्राचा पंधरावा अध्याय म्हणजे त्या यात्रेची सविस्तर आखणीच आहे. कोणत्या नदीच्या काठाने चालावे, कोणत्या संगमावर स्नान करावे, नदीकाठची किती गावे चालल्याने किती कृच्छ्रांचे फळ, पावसाळ्यात नवे पाणी आले की किती दिवस नदीत स्नान वर्ज्य, सारे त्यात आहे. भागीरथीपासून नर्मदा, गोदावरी, कृष्णा, भीमेपर्यंतच्या नद्या ओळीने येतात.

त्या यादीत गाणगापूरही आहे. संगमावरची अष्टतीर्थे आणि तिथला अश्वत्थ यांचा स्वामींनी आवर्जून उल्लेख केला आहे. स्वतः ते अजून इकडे यायचे होते.

यात्रेच्या शेवटी भेटीचे ठिकाणही ठरले. बहुधान्य संवत्सरात सर्वांनी श्रीशैलाला यावे, आपणही तिथे येऊ, असे त्यांनी सांगितले. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे, त्यामुळे बहुधान्य हे नाव माणसाच्या आयुष्यात फार तर एक-दोनदा यायचे. तारीख चुकायला जागा नव्हती. मात्र ती भेट तीन तपांइतकी लांब होती.

तीन मुक्काम

शिष्य पांगले. सिद्ध तेवढा सोबत राहिला. परळीला स्वामी वर्षभर गुप्त राहिले. नंतर कृष्णाकाठी भिलवडीजवळ औदुंबरला एक चातुर्मास केला. बुद्धी मंद म्हणून हिणवला गेलेला आणि भुवनेश्वरीपुढे जीभ कापून ठेवणारा मुलगा त्यांच्या कृपेने विद्वान झाला, ती कथा इथली. पुढे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर अमरापुरी, म्हणजे नरसोबाच्या वाडीला, ते बारा वर्षे राहिले. दरिद्री ब्राह्मणाच्या दारातला घेवड्याचा वेल उपटला आणि मुळाशी द्रव्याचा हंडा सापडला, ती कथा वाडीची. प्रत्येक ठिकाणी लोक जमू लागले की स्वामी पादुका ठेवून पुढे निघत. औदुंबरला विमल पादुका, वाडीला मनोहर पादुका.

मग गाणगापूर. सुरुवातीला ते संगमावरच असत. वांझ म्हैस दुभती झाल्याची वार्ता पसरली आणि गावाच्या अधिपतीने त्यांना वाजतगाजत गावात आणले. मठ उभा राहिला. इथे ते सुमारे दोन तपे राहिले. एवढा दीर्घ मुक्काम त्यांनी दुसरीकडे केला नाही. तिघांच्या शिध्यात हजारो जेवले तो भास्कर ब्राह्मण, स्वामींच्या शब्दाखातर कच्चे पीक कापणारा पर्वतेश शेतकरी, वाळक्या काष्ठाला रोज पाणी घालणारा नरहरी, सारे या मठाभोवतीचे. त्यांच्यापाशी विद्वान होते तसा शूद्र शेतकरी आणि विणकरही होता. बिदरचा यवन राजाही गळवाच्या वेदनेने व्याकुळ होऊन आला आणि बरा झाला. बहमनींची राजधानी तोवर गुलबर्ग्याहून बिदरला गेली होती.

दुसरी भेट

राजाच येऊ लागला म्हटल्यावर गर्दीला सीमा राहणार नव्हती. आणि बहुधान्य संवत्सरही उजाडले होते. शके १३८०, इ.स. १४५८-५९. स्वामींनी निघायचे ठरवले तेव्हा गाणगापूरकरांनी रडून रस्ता अडवला. ज्या आईला त्यांनी तीस वर्षांची मुदत दिली होती, तिच्यासारखीच ही माणसे. त्यांना स्वामींनी मुदत दिली नाही. आपण इथेच आहोत, रोज दुपारी गावात भिक्षेला येऊ, असे सांगून त्यांनी निर्गुण पादुका ठेवल्या. आजही मध्यान्ही गाणगापुरात माधुकरी मागायची आणि घालायची ती या श्रद्धेने; झोळी घेऊन आलेल्यांत कोण आहे, हे कुणी सांगावे?

श्रीशैलाला त्यांच्यासोबत सायंदेव, नंदी, नरहरी आणि सिद्ध असे चौघे होते. माघ वद्य प्रतिपदेला पाताळगंगेत केळीच्या पानांवर फुलांचे आसन करून ते त्यावर बसले आणि प्रवाहात दिसेनासे झाले. थोड्या वेळाने चार फुले वाहत आली. चौघांनी एकेक घेतले. ती तिथी आपण गुरुप्रतिपदा म्हणून पाळतो.

सायंदेवाच्या पाचव्या पिढीतल्या सरस्वती गंगाधरांनी सिद्ध आणि नामधारकाच्या संवादातून हे चरित्र मराठीत ओवीबद्ध केले. आपल्याला मराठी भाषा येत नाही, असे ते ग्रंथारंभीच नम्रपणे सांगतात. त्यांची मातृभाषा कन्नड होती असे मानतात. वऱ्हाडात जन्मलेले स्वामी कन्नड मुलखात स्थिरावले आणि इथल्या कन्नड घराने त्यांचे चरित्र मराठीला दिले. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट अधिक जवळची वाटावी.

आज जायचे तर

स्वामींची वाट आज बरीचशी रेल्वेने जोडता येते. कारंजासाठी मूर्तिजापूरला उतरून रस्त्याने जावे. तिथली शकुंतला ही छोटी गाडी आता धावत नाही. बासर आणि परळी वैजनाथला स्वतःची स्थानके आहेत. औदुंबरला भिलवडी, वाडीला जयसिंगपूर जवळ. गाणगापूर रोड हे स्थानक सोलापूर-वाडी मार्गावर आहे, तिथून क्षेत्र वीस-बावीस किलोमीटर. श्रीशैलापर्यंत रेल्वे नाही. मार्कापूर रोडला उतरून पुढे घाटाने जावे लागते. सगळे एका दमात उरकण्यापेक्षा एकेका ठिकाणी रात्रीचा मुक्काम ठेवावा. गाणगापूरला सकाळीच पोहोचावे, संगमावर स्नान करावे आणि दुपारच्या माधुकरीपर्यंत थांबावे. ती वेळ चुकवून परतलो, तर पादुकांचे दर्शन होईल, पण स्वामींनी या गावाला दिलेला शब्द पाहायचा राहून जाईल.