जुना शर्मन, नवा पॅटन आणि अलिबागचे जनरल वैद्य

जुन्या फोनवर नवा गेम खेळायला गेलात की काय होतं, माहितीये ना? सप्टेंबर १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य तशाच पेचात होते. फक्त इथे हरलं तर माणसं जाणार होती.

२७ जानेवारी १९२६ ला अलिबागला जन्म, १९४५ मध्ये रणगाडा दलात अधिकारी. वीस वर्षांनी ते डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख होते आणि हाताशी होते दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी शर्मन रणगाडे.

शर्मन मुळात जहाजातून समुद्रापार न्यायचा होता, म्हणून वजन तीसेक टनांवर आवरलेलं. त्यामुळे चिलखतावरही मर्यादा. सुरुवातीची तोफ मध्यमच, कारण अमेरिकी युद्धनीतीनुसार शत्रूचे रणगाडे फोडायला 'टँक डिस्ट्रॉयर' ही वेगळी पथकं होती. शर्मनने पायदळाला साथ द्यायची आणि फळी फुटली की आत घुसायचं. पुढे ७६ मिमीची तोफ बसली, पण समोर आलेल्या पाकिस्तानी पॅटनला ९० मिमीची तोफ आणि पुढून जाडजूड चिलखत. समोरासमोर शर्मनचं काही खरं नव्हतं.

म्हणून समोरासमोर लढायचंच नाही असं ठरलं. योजना एकट्या वैद्यांची नव्हे. ब्रिगेडियर थिओगराज यांची अख्खी ब्रिगेड त्यात होती. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावापाशी रणगाडे घोड्याच्या नालेसारखे पेरून उसात लपवले, शेतांत पाणी सोडलं. कराड-इस्लामपूरकडच्यांना सप्टेंबरचा ऊस काय असतो ते सांगायला नको; आत शिरलं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. पॅटनमध्ये अंतर मोजायचं भारी यंत्र होतं, पण समोर नुसती पानंच असतील तर मोजणार काय? त्यात चिखल. पॅटन रुतले, वळले, आणि त्यांची पातळ बाजू शर्मनसमोर आली. ८ ते १० सप्टेंबरच्या या लढाईसाठी वैद्यांना महावीरचक्र मिळालं.

१९७१ मध्ये शकरगड भागात त्यांच्या ब्रिगेडकडे सेंच्युरियन होते. तिथे अडथळा वेगळा, सुरुंगांचे पट्टे. ते ओलांडून ब्रिगेड बसंतर नदीपार गेली, दुसरं महावीरचक्र.

१९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. 'ब्लू स्टार' कारवाई त्यांच्याच काळातली. निवृत्तीनंतर पुण्यात राहत होते. १० ऑगस्ट १९८६ ला स्वतः गाडी चालवत घरी परतताना खलिस्तानी अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या.