प्लॅटिनमच्या थराचा माग काढणारे मेरेन्स्की

जगातील खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के दक्षिण आफ्रिकेतून येते. हा उद्योग खडकाच्या ज्या थरावर उभा राहिला, त्याला हान्स मेरेन्स्की यांचे नाव आहे.

ट्रान्सवालमधील बोत्शाबेलो येथील जर्मन मिशनच्या ठाण्यावर १८७१ साली मिशनरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जर्मनीत भूशास्त्र व खाणशास्त्र शिकून १९०४ मध्ये ते मायभूमीत परतले. सल्लागार म्हणून नाव झाले, पैसाही मिळाला; पण गुंतवणुकी बुडाल्या आणि दिवाळे निघाले. त्यातच पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. सुटका झाली तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या या गृहस्थांपाशी अनुभवाखेरीज फारसे काही उरले नव्हते.

१९२४ मध्ये लायडेनबर्ग भागातील शेतकरी आंद्रिस लोंबार्ड यांना कोरड्या ओढ्याच्या वाळूत पांढुरके कण सापडले. नमुना मेरेन्स्की यांच्याकडे आला. ते प्लॅटिनम निघाले. दुसरा कोणी वाळू धुऊन कण विकण्यावर समाधान मानता. मेरेन्स्की यांनी मात्र हे कण आले कोठून, हाच प्रश्न लावून धरला. टेकड्या धुंडाळत असता त्याच वर्षी तो थर गवसला. जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम मीटरभर, लांबी मात्र मैलोन्‌मैल!

तरीही काम सोपे नव्हते. या थरातील बरेचसे प्लॅटिनम गंधकाशी संयोग पावलेले, सूक्ष्म कणांत विखुरलेले असते. त्यातील ‘कूपराइट’ या खनिजात वजनाने तब्बल ८६ टक्के प्लॅटिनम. पण टनभर खडकातून हाती लागते ते काही ग्रॅमच. ‘ब्रॅगाइट’ हे त्याचे भावंड तर १९३२ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने ओळखले गेले. खडक दळायचा, पाण्यात फेस आणून गंधकयुक्त कण वर काढायचे, भट्टीत वितळवायचे आणि तांबे-निकेलपासून प्लॅटिनम वेगळे करायचे, असा हा खटाटोप. शोधाच्या बातमीने शेअर बाजारात उठलेली लाट म्हणूनच टिकली नाही. भाव कोसळले, अनेक कंपन्या बुडाल्या.

मेरेन्स्की तोवर हिऱ्यांकडे वळले होते. १९२६ मध्ये अलेक्झांडर बे येथील किनारी हिऱ्यांनी त्यांना श्रीमंत केले. पुढे वेस्टफालिया ही इस्टेट घेऊन ते शेती आणि वृक्षलागवडीत रमले. १९५२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.