अर्धा राहिलेला अभ्यास

परदेशी शिकायला जायचं म्हटलं की आधी बॅग आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मात्र आधी पैसे जमवावे लागले, तेही ओळखीच्याच लंडनला परत जायला!

१९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला होता. पण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तकं तर पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हाती होती.

मग त्यांनी काय केलं? १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसे बाजूला टाकू लागले. रमाबाईंनी काटकसरीने घर चालवलं. तरीही कमी पडलं, तेव्हा शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज कामी आलं. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरही झाले!

बघा मुलांनो, थांबलेला अभ्यास म्हणजे संपलेला अभ्यास नव्हे.