धुतलेलं मीठ

नाताळची सुट्टी लागली. इथे न्यू जर्सीत ऑफिस बंद, रस्ते रिकामे, आणि आमच्याकडे पहिल्यांदाच आई-बाबा आलेत. बायको केरळची, ख्रिश्चन. लग्नानंतर दोन वर्षं आई तिच्याशी फोनवरही बोलली नव्हती. परवा तिच्या बॅगेतून लोणच्याच्या बरणीसोबत 'स्मृतिचित्रे' निघालं. शाळेत एक धडा होता, तेवढाच माझा लक्ष्मीबाई टिळकांशी संबंध. दोन रात्रींत वाचून काढलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! (धुतल्यावर उरायचं किती, देव जाणे.) अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. माणूस कवी, विद्वान, आणि संसाराच्या बाबतीत पूर्ण बेभरवशाचा. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता.

पुढचं वाचताना मला टिळकांचा राग आला, खरं सांगतो. सत्तावीस वर्षांची बाई, पदरात छोटा दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पंढरपूरला बहिणीने आणि मेहुण्यांनी आधार दिला. रडून रडून तब्येत गेली. पण नवऱ्याशी पत्रव्यवहार तुटला नाही, आणि काही वर्षांनी ती नगरला त्यांच्याकडे गेली.

गेली ती स्वतःचा धर्म घेऊन. सोवळं सोडलं नाही, खाण्यापिण्याचं आपलं वेगळं सांभाळलं. आणि इथे मात्र टिळकांचं कौतुक वाटतं, कारण त्यांनी जबरदस्ती केली नाही. मग एके दिवशी तिचं तिलाच पटलं, की ही जातपात देवाने नव्हे, माणसांनी केली. ती कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये अजून गातात. त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. चौसष्ट अध्याय! शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. १९३६ला त्याही गेल्या.

आल्या दिवशी आईने स्वतःपुरतं एक पातेलं वेगळं काढून ठेवलं होतं. बायकोने काही विचारलं नाही, फक्त वरच्या फळीवर त्याला जागा करून दिली. मी मधे पडणार होतो, पण गप्प बसलो.

आज सकाळी खाली आलो तर दोघी ओट्याशी उभ्या. प्लम केकमध्ये अंड्याऐवजी दही चालेल का, असं आई तिला विचारत होती. दही चालतं म्हणे. केक ओव्हनमध्ये आहे, आणि बाबा दर पाच मिनिटांनी काचेतून डोकावून येतायत.