आजीच्या आधीच्या दुर्गाबाई

आपल्या बॅचला दुर्गा खोटे माहीत आहेत त्या आजी म्हणूनच. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर सिनेमा लागायचा, ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अर्धी आळी जमायची, आणि त्यात कुठे ना कुठे त्या असायच्या. ‘बॉबी’तली आजी, ‘अभिमान’मधली मावशी, ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई. पुढे ‘वागळे की दुनिया’ आपण सगळ्यांनीच पाहिली. तिची निर्मिती याच बाईंची होती, हे मात्र तेव्हा माझ्या तरी लक्षात आलं नव्हतं.

त्यांची खरी ओळख मला फार उशिरा झाली. यजमानांची कंपनी बंद पडली आणि पस्तिशीत मी घरी शिकवण्या सुरू केल्या, त्या दिवसांत ‘मी दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र हाती आलं. त्यामुळे स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिही असा निरोप येताच दुसरं नाव सुचलंच नाही.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेर मुंबईतल्या लाडांचं, वडील सॉलिसिटर, घर भरलेलं. शिक्षण इंग्रजी शाळेत, कॅथीड्रलमध्ये, आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात. कॉलेजच्या वयातच लग्न होऊन त्या खोट्यांच्या श्रीमंत घरात गेल्या. विश्वनाथ खोटे बनारसला शिकलेले इंजिनिअर. आता या मुलीला आयुष्यात काही कमी पडणार नाही, असंच कोणालाही वाटलं असतं. पण खोट्यांची श्रीमंती बघता बघता ओसरली. पदरात बकुल आणि हरीन ही दोन लहान मुलं आणि मिळवतं कोणी नाही, अशी वेळ आली. शिकलेल्या बाईला तेव्हा करता येण्यासारखं एकच काम होतं, ते त्यांनी केलं. शिकवण्या घेतल्या. (हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले होते.)

शिकवण्यांत भागेना. अशात मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात काम करण्याबद्दल त्यांची बहीण शालिनी हिला विचारणा झाली. तिने नकार दिला आणि दुर्गाबाईंचं नाव पुढे केलं. भूमिका काही मिनिटांची. एकंदर चित्रपट कशा प्रतीचा आहे याची त्यांना कल्पना नव्हती. १९३१ साली तो लागला आणि चांगल्या घरची मुलगी असल्या सिनेमात, म्हणून सासर-माहेर दोन्हीकडे तोंड लपवायची पाळी आली. सिनेमात काम करणं हेच तेव्हा घरंदाज बाईला न शोभणारं, त्यात चित्रपटही तसलाच. इथे त्या थांबल्या असत्या तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

पण तेच काम व्ही. शांतारामांनी पाहिलं होतं. कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ तयार होत होता आणि त्यांना तारामती हवी होती. एकदा पोळलेली बाई पुन्हा त्याच वाटेने गेली, हा मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसाचा निर्णय वाटतो. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. पार्श्वगायन नव्हतंच, कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतः गायचं. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी चित्रपट गिरगावच्या ‘मॅजेस्टिक’मध्ये लागला. लाडांचं घर तिथेच कांदेवाडीत. ज्या वस्तीत मान खाली घालावी लागली, तिथेच राणी तारामती म्हणून त्यांचं नाव झालं.

मग मात्र त्यांनी मागे पाहिलं नाही. त्या काळी नट-नट्या एकाच कंपनीच्या पगारावर असत. या ‘प्रभात’मध्ये काम करत, तशाच कलकत्त्याला जाऊन देवकी बोसांच्या ‘सीता’तही. त्यात राम होते पृथ्वीराज कपूर. ‘अमर ज्योती’त त्या समुद्रावरच्या बंडखोर बायकांच्या म्होरक्या झाल्या. स्वतःची ‘नटराज’ ही चित्रपटसंस्थाही काढली. आणि ज्या वयात नट्या नायिकेच्या भूमिकेला चिकटून राहतात, त्या वयात, १९४१ साली, अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त त्यांनी सुनेला छळणारी सासू रंगवली! पाठोपाठ ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी.

बहुतेक नट रंगभूमीवरून सिनेमात गेले. दुर्गाबाई उलट्या आल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या उतरल्या, तेव्हा सिनेमात त्यांचं नाव कधीच झालेलं होतं. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या. १९५४ साली शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून केलेल्या ‘राजमुकुट’मध्ये नानासाहेब फाटकांसमोर उभ्या राहिल्या. रिटेक नाही, समोर नानासाहेबांचा तो आवाज, आणि वय पन्नाशीला टेकलेलं. तेव्हा आपण जन्मालाही आलो नव्हतो, याची मला राहून राहून चुटपुट लागते.

घरचं सुख त्यांना बेताचंच मिळालं. दुसरं लग्न टिकलं नाही. मुलगा हरीन तरुणपणीच गेला. त्याची पत्नी म्हणजे पुढच्या विजया मेहता. यानंतरही दुर्गाबाई कामावर जात राहिल्या. लघुपट, जाहिरातपट काढणारी संस्था त्यांनी चालवली. १९६८ मध्ये पद्मश्री, १९७४ च्या ‘बिदाई’तल्या आईसाठी फिल्मफेअर, १९८३ चा फाळके पुरस्कार, हे सगळं ओघाने आलं. उतारवयात त्या अलिबागला राहत. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

‘अयोध्येचा राजा’ आजही पाहायला मिळतो. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावायचं ठरलंच आहे. जुने फोटो दाखवून झाले की अर्धा तास मला द्यावा, अशी संयोजकांना विनंती आहे. काशीच्या बाजारात तारामती विक्रीला उभी राहते, तेवढाच प्रसंग लावू. चित्र फिकट आहे, आवाजात खरखर आहे, म्हणून पुढच्या खुर्च्या आपल्या सर आणि बाईंसाठी राखून ठेवाव्यात.