पगार बंद झाला, लॅब नाही!

सुशी किंवा किमबाप तुम्ही खाल्लं असेल, निदान के-ड्रामात तरी बघितलं असेलच. भाताभोवती ती काळपट हिरवी, कागदासारखी पट्टी असते ना, ती म्हणजे नोरी. समुद्रातलं शेवाळ! आज नोरीची भरवशाची शेती होते, त्यामागे एक ब्रिटिश शास्त्रज्ञ आहे. जपानमध्ये ती कधी गेलीसुद्धा नव्हती. तिचं नाव कॅथलीन ड्रू-बेकर.

शेवाळ म्हटलं की आपल्याला पावसाळ्यात घसरायला लावणारा हिरवा थर आठवतो. पण पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रात होतं. डोळ्यांना न दिसणारी वनस्पती प्लवकं आणि किनाऱ्यावरची मोठी शेवाळं उन्हावर अन्न तयार करतात, त्यावर कोळंबीपासून देवमाशापर्यंत सगळे जगतात. कॅथलीनने अभ्यासाला हाच विषय घेतला.

तिचा जन्म १९०१ चा, इंग्लंडमधल्या ली या गावातला. १९२२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातून बॉटनीची पदवी तिने फर्स्ट क्लासमध्ये मिळवली आणि तिथंच लेक्चरर झाली. करिअर सुरळीत चाललं होतं. १९२८ मध्ये तिने हेन्री राइट-बेकरशी लग्न केलं आणि तिची नोकरी गेली. कारण काय, तर लग्न झालेल्या बाईला नोकरीवर ठेवायचं नाही, असा तेव्हा विद्यापीठाचा नियम होता! हेन्रीसुद्धा मँचेस्टरमध्येच शिकवायचा. लग्नामुळे त्याची नोकरी मात्र गेली नाही.

तुम्ही काय केलं असतं? कॅथलीनने रिसर्च सोडला नाही. पुढची बरीच वर्षं तिने पगाराशिवाय काम केलं. दोन मुलंही वाढवली. भरती-ओहोटीसारखं पाणी वर-खाली होणारी टाकी हेन्रीने तिला बनवून दिली.

ती पॉर्फायरा या लाल शेवाळावर काम करत होती. नोरीचंच हे भावंड, वेल्समधले लोक ते आवडीने खातात. प्रश्न असा होता, की हे शेवाळ उन्हाळ्यात गायब होतं, मग जातं कुठं? कॅथलीनने त्याच्या बीजाणूंना लॅबमध्ये शिंपले दिले. बीजाणू शिंपल्यात घुसले आणि तिथं गुलाबी धागे वाढू लागले. असे धागे शास्त्रज्ञांना माहीत होते, पण ते वेगळंच शेवाळ समजलं जायचं, नाव कॉन्कोसेलिस. सुरवंट आणि फुलपाखरू जसं एकच, तसंच हे निघालं. १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये तिचा छोटासा पेपर आला.

तिकडे जपानमध्ये नोरीची शेती म्हणजे जुगार होता. शेतकरी उथळ समुद्रात बांबू रोवायचे, जाळी लावायचे आणि वाट बघायचे. बी येतं कुठून हेच ठाऊक नव्हतं. त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर पीक पार कोसळलं. क्यूशू विद्यापीठातल्या सोकिची सेगावा या शास्त्रज्ञाने कॅथलीनचं संशोधन जपानी नोरीला लावून पाहिलं. तेच चक्र! मग टाकीत शिंपल्यांवर बी वाढवायचं आणि गारवा सुरू झाला की जाळ्यांवर धरायचं, अशी पद्धत तिथल्या लोकांनी बसवली. पीक हातात आलं.

१९५७ मध्ये कॅथलीन गेली, वय अवघं ५५. ब्रिटनमधल्या शेवाळतज्ज्ञांच्या संस्थेची ती पहिली अध्यक्ष होती. पण नोरीच्या शोधातून तिला पैसा मिळाला नाही, जपानमधली शेतीही तिने पाहिली नाही.

१९६३ मध्ये कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे, आरिआके समुद्राकाठी, नोरी पिकवणाऱ्यांनी वर्गणी काढून तिचं स्मारक उभारलं. तिथं तिला ‘समुद्राची आई’ म्हणतात. दरवर्षी १४ एप्रिलला लोक तिथं जमतात आणि तिची आठवण काढतात. लग्न झालं म्हणून जिला शिकवायला नालायक ठरवलं, तिचेच आभार मानायला!